घरच्या पाककृती लिहून काढताना : वजनकाट्यापासून वहीच्या बांधणीपर्यंत

घरच्या पदार्थांची वही करायची म्हणून पुष्कळजण हौसेने बसतात आणि वही पूर्णही करतात. मग बंगळूरला नोकरीला गेलेली मुलगी त्यातलं वालाचं बिरडं करायला घेते आणि पहिल्याच ओळीवर अडून आईला फोन लावते. ‘वाल दोन वाट्या’ म्हणजे कुठली वाटी? कोरडे वाल की मोड आलेले? सोलायच्या आधीचे की नंतरचे? ‘पाणी अंदाजाने’ म्हणजे अंगाबरोबर रस की पातळ? वही भरलेली असते, पण पाककृती अजून आईच्याच हातात असते.

या लेखात मी एकच कसोटी धरली आहे. ज्याने तो पदार्थ कधी केला नाही, त्याला नुसता कागद दिला आणि कुणाला न विचारता त्याने तो केला, तरच पाककृती लिहून झाली.

गडबड होते ती बहुधा क्रमात. लोक आधी जेवणाच्या टेबलावर बसून आजीला विचारतात, सांगितलं तसं लिहितात, वर कौतुकाच्या चार ओळी घालतात, फोटो काढतात, आणि करून बघायचं राहूनच जातं. क्रम असा हवा: यादी, साधनं, बोलणं आणि बाजार, वजन करत स्वयंपाक, त्याच दिवशी लेखन, दुसऱ्याच्या हातून चाचणी. प्रस्तावना, फोटो आणि छपाई त्यानंतर.

## टप्पा १ : यादी आखडती घ्या

पहिल्या फेरीला पाचच पदार्थ निवडा. बटाट्याची भाजी, शिरा, साधं वरण यांत वेळ घालवू नका. ते कुठल्याही छापील पुस्तकात मिळतं. घरात एकाच माणसाला येणारे पदार्थ आधी घ्या. आत्या गेली की तिच्यासोबत जाईल असा पदार्थ कोणता, हे घरातल्या सगळ्यांना विचारलं तर यादी दहा मिनिटांत तयार होते.

मग यादीसमोर महिना लिहा, कारण मुंबईत निम्मे पदार्थ मोसमाला बांधलेले असतात. वर्षाचा मसाला मार्च ते मे या कडक उन्हात होतो. शेवळं ही रानभाजी पावसाच्या तोंडावर येते आणि काही आठवड्यांत दिसेनाशी होते. सोबत काकडं (आंबट रानफळं) मिळाली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात, म्हणजे दोन्ही एकदम हाती लागायला हवं. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीची पाककृती लिहायला घेऊ नका. ते दिवस सुक्या मासळीचे, सोड्यांचे आणि सुकटीचे. उकडीचे मोदक ऐन गणपतीत लिहायला बसू नका. त्या दिवशी आई तुमच्याशी बोलायला मोकळी नसते. चार दिवस आधी एकदा थोडे करून घ्या.

इशारा: ज्या पदार्थात घरचा मसाला पडतो, त्या पदार्थाआधी मसाला लिहा. ‘२ चमचे घरचा मसाला’ ही ओळ घराबाहेरच्या माणसाला काहीच सांगत नाही. मालवणी, आगरी-कोळी, पाठारे प्रभूंचा संबार, ईस्ट इंडियन बॉटल मसाला, गोडा, काळा यांतला प्रत्येक वेगळा, आणि एकाच नावाचा मसाला दोन घरांत वेगळा.

लालबागच्या मिरची गल्लीत मसाला करायला जाणार असाल तर दुकानातली पावती जपून ठेवा. बेडगी किती, काश्मिरी किती, संकेश्वरी किती, धणे किती, हे त्या पावतीइतकं नेमकं कुणाला आठवत नाही. त्यापुढे पाच गोष्टी टिपा: देठं काढल्यावर मिरचीचं वजन, किती उन्हं दिली, कुठला जिन्नस तेलात भाजला आणि कुठला कोरडा, डंखावर (मसाला कुटायच्या यंत्रावर) कुटून घेतला की गिरणीत दळला, आणि शेवटी बरणीत किती भरला.

## टप्पा २ : साधनं आणि वाटीचं माप

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि पाच किलोपर्यंत पेलणारा स्वयंपाकाचा इलेक्ट्रॉनिक काटा. ५ आणि १५ मिलीचे मापाचे चमचे. खुणा असलेलं एक लिटरचं भांडं. वही, पेन्सिल, घड्याळ. एवढं पुरतं.

आता घरातली मापं मोजा. आजी जी वाटी वापरते तीच घ्या. काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. पळी, ओगराळं, चहाचा कप, फुलपात्र, सगळ्यांचं हेच करा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वाट्यांमध्ये किती फरक असतो हे पहिल्यांदा मोजणाऱ्याला खरं वाटत नाही. एकाच घरात १२० मिलीची वाटी असते आणि २०० मिलीचीही.

वाटी मोजली तरी काम संपत नाही. २०० मिलीच्या वाटीत साखर साधारण १७० ग्रॅम भरते. चाळलेलं बेसन ८० ग्रॅमच्या आसपास बसतं, आणि तेच बेसन दाबून भरलं तर १०० च्या पुढे जातं. म्हणून पिठं, डाळी, खवलेला नारळ, गूळ हे सगळं ग्रॅममध्येच लिहा. मिठाचंही तसंच. खडे मीठ आणि बारीक मीठ यांचा चमचा सारखा दिसतो, पण वजन वेगळं असतं. वाटीचं माप शेजारी द्यायचं असेल तर द्या, पण ‘सपाट’ की ‘शिगोशीग’ हे सांगा.

तपासा: काट्यावर एक किलो मिठाची न फोडलेली पिशवी ठेवा. आकडा वेष्टनासकट किलोच्या किंचित वर यायला हवा. बराच कमी-जास्त आला तर आधी सेल बदला.

## टप्पा ३ : बोलणं आणि बाजार

आजीला ‘मीठ किती?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘अगं, अंदाजाने!’ ती टाळत नसते. तिच्या डोक्यात आकडा नसतोच, तिच्या बोटांत असतो. तिला उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा:

– कमी पडलं तर तुला कशावरून कळतं?
– जास्त झालं तर काय करतेस?
– नव्या माणसाचं हे हमखास कुठे बिघडतं?
– पाहुणे असले की यात काय बदलतेस?
– तू शिकलीस तेव्हा यात काय वेगळं होतं?

सासूबाईंना विचारायचं असेल तर स्वयंपाकाच्या मधोमध विचारू नका. आदल्या दिवशी दुपारच्या चहाला, ‘अहो आई, उद्या तुम्ही कराल तेव्हा मी शेजारी वजनं घेत बसले तर चालेल का?’ असं सांगून ठेवा. आवाज ध्वनिमुद्रित करणार असाल तर तेही आधीच सांगा.

शक्य असेल तर बाजाराला सोबत जा. निवड हासुद्धा कृतीचाच भाग आहे आणि वहीत तोच सुटतो. दादरला किंवा गिरगावात भाजीवाल्यासमोर उभी राहून ती कोणती शेंग बाजूला टाकते, नारळ हलवून काय ऐकते, हे टिपा. मासळीचं वजन दोनदा घ्या: अख्ख्या माशाचं आणि साफ करून तुकडे केल्यावरचं. ‘अर्धा किलो पापलेट’ या शब्दांत डोकं, शेपटी, आतडी आहेत की नाहीत हे वाचणाऱ्याला कळत नाही. ओल्या बोंबलाचं वजन तिसऱ्यांदाही घ्यावं लागतं, कारण वजनाखाली दाबून पाणी काढल्यावर तो बराच हलका होतो.

आंबटाकडे विशेष लक्ष द्या. आमसूल म्हणजे कोकमाची सुकवलेली सालं. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. एकाच्या जागी दुसरं घातलं तर मिठाचा सगळा हिशेब चुकतो. ‘कोकम घाला’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका.

## टप्पा ४ : हात तिचा, वजन तुमचं

सगळ्या खटाटोपाचं मर्म या टप्प्यात आहे.

बहुतेक लोक आजीच्या हातात मापाचे चमचे देतात आणि ‘आता यातून घाल’ म्हणतात. तिथेच तिचा हात अडखळतो. ती चमच्याकडे बघायला लागते, कढईकडे बघत नाही, आणि जे बनतं ते तिचं नेहमीचं नसतं. तिला रोजच्यासारखंच करू द्या. मोजायचं ते डबे मोजून.

१. चूल पेटण्याआधी प्रत्येक डब्याचं वजन घ्या: मिठाची बरणी, तेलाचं भांडं, तिखटाचा डबा, गुळाचा डबा, खवलेल्या नारळाची ताटली. मसाल्याच्या डब्यातली प्रत्येक वाटी वेगळी. आकडे एका रांगेत लिहा.

२. रिकाम्या कढईचंही वजन घ्या. कढई कशाची आहे आणि तोंडाशी किती सेंटिमीटर रुंद आहे, हे लिहा.

३. पाणी एकाच भांड्यातून घ्यायला सांगा. त्यात आधी मोजून एक लिटर भरून ठेवा. हात धुवायचं आणि भांडी विसळायचं पाणी वेगळं.

४. भाजी, कांदा, वाल हे सोलून-निवडून झाल्यावर कढईत जाण्याआधी काट्यावर ठेवा. टाकाऊ भागाचं वजनही घ्या. बाजारातून किती आणायचं हे त्यावरून सांगता येतं.

५. गॅस पेटला की घड्याळात ‘मिनिट शून्य’. मग प्रत्येक कृतीसमोर मिनिट लिहा. शेगडी मोठी की लहान, आच कधी वाढवली, कधी उतरवली, हेही.

६. मीठ दोनदा-तीनदा घातलं तर प्रत्येक वेळी बरणी काट्यावर ठेवा. पहिलं मीठ आणि शेवटचं मीठ वेगळ्या कारणांसाठी पडतं, आणि तो फरक पाककृतीत यायला हवा.

७. पदार्थ झाला की कढईसकट वजन घ्या आणि रिकाम्या कढईचं वजा करा. किती पदार्थ झाला हे कळतं. सगळ्या जिन्नसांच्या बेरजेतून हा आकडा वजा केला की किती पाणी आटलं तेही कळतं.

८. सगळे डबे पुन्हा मोजा. आधीचं वजन वजा आताचं वजन, तेवढं पडलं.

हिंगासारखी चिमूटभर गोष्ट एक ग्रॅमच्या काट्यावर पकडता येत नाही. तिथे तिला आधी कागदावर चिमूट सोडायला सांगा, मापाच्या छोट्या चमच्यात भरून बघा, आणि ‘पाव लहान चमचा’ असं लिहा.

मधे फार बोलू नका. एकच प्रश्न मात्र जरूर विचारा: ती थांबून कढईत बघते तेव्हा ‘काय बघितलंस?’ त्या उत्तरातून जे मिळतं ते दुसरीकडे कुठेच मिळत नाही. ‘तेल कडेला आलं का ते’, ‘वास बदलला’, ‘आता बुडबुडे मोठे यायला लागले’. तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. ज्या गोष्टी ती न बोलता करते त्याही टिपा: ढवळायच्याऐवजी कढई हलवते, ताटलीवर पाणी ठेवते, तेच गरम पाणी आत ओतते, नारळ वाटलेलं मिक्सरचं भांडं विसळून ते पाणीही घालते.

मुंबईतल्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नसते. म्हणून काटा ओट्यावर ठेवू नका. दाराबाहेर स्टुलावर मांडा आणि डबे तिथे आणून मोजा.

इशारा: सोयीसाठी तिला अर्ध्या मापात करायला सांगू नका. तिचा हात चार माणसांचा असेल तर चार माणसांचंच करू द्या.

इशारा: कुकरच्या शिट्ट्या हे माप नव्हे. कुकरमध्ये पूर्ण दाब आला की आत साधारण १२० अंश सेल्सिअस तापमान असतं, पण शिट्टी किती लवकर होते हे आच, कुकरचा आकार, आतलं पाणी आणि शिट्टीचं वजन यांवर ठरतं. ‘मोठ्या आचेवर पहिली शिट्टी, मग मंद आचेवर ८ मिनिटं, गॅस बंद करून दाब आपोआप उतरू द्या’ असं लिहा.

शक्य असेल तर तोच पदार्थ आठवड्याभराने पुन्हा करून घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. फार तफावत आली तर कारण बहुधा जिन्नसात सापडतं: आमसूल जुनं, तिखट नवं, नारळ कोवळा.

## टप्पा ५ : त्याच रात्री लिहा

दोन दिवसांनी आपलीच टिपणं आपल्याला उलगडत नाहीत. त्याच रात्री बसा. लिहिताना पुढच्या गोष्टी सांभाळा.

आधीची तयारी सगळ्यात वर. ‘वाल आदल्या दिवशी सकाळी भिजवा’ हे कृतीच्या तिसऱ्या ओळीत दडलेलं असतं, आणि माणूस बाराला स्वयंपाकाला लागल्यावर ते वाचतो. ही चूक सर्वात जास्त होते.

साहित्य वापरण्याच्या क्रमाने. मोहरी आधी पडते तर ती आधी. जो जिन्नस दोनदा पडतो त्याच्यापुढे ‘विभागून’ लिहा.

माप कशाचं ते स्पष्ट. ‘१०० ग्रॅम कांदा, चिरून’ आणि ‘१०० ग्रॅम चिरलेला कांदा’ यांत साल-देठाचा फरक आहे. कोथिंबीर, लसूण, मासळी यांत तो फारच मोठा होतो.

क्रियापद नेमकं. भाजणं, परतणं आणि तळणं यांची सरमिसळ करू नका. ‘भाजा’ म्हटलं तर कोरडं की तेलावर, ते सांगा. वाटणं, कुटणं आणि भरडणं यांतून तीन वेगळे पोत मिळतात. वाटणाला पाणी घालायचं का आणि किती, हे बहुतेक वह्यांत नसतंच.

वेळ आणि खूण दोन्ही. ‘४-५ मिनिटं, कांद्याच्या कडा तपकिरी होईपर्यंत’. तुमची शेगडी आणि वाचणाऱ्याची शेगडी वेगळी, म्हणून नुसती वेळ फसवते. नुसती खूण नवख्याला कळत नाही, ‘खमंग’ तर मुळीच नाही; खमंग म्हणजे कोणता रंग, कसला वास, ते लिहा.

क्रम महत्त्वाचा असेल तर कारण द्या. कारण कळलं की माणूस क्रम मोडत नाही. खालच्या नमुन्यात आमसूल शेवटी का, ते बघा.

## टप्पा ६ : एक नमुना

वह्यांत नेहमी आढळणारं रूप असं असतं:

‘वाल भिजवून मोड आणून सोलावेत. हिंग-मोहरीची फोडणी करून वाल परतावेत. तिखट, मीठ, गूळ, आमसूल, नारळ घालून शिजवावेत.’

ज्याला बिरडं येतं त्याला हे पुरेसं आहे. ज्याला येत नाही त्याने हे शब्दशः केलं तर आमसूल वालांबरोबर शिजायला पडतं आणि वाल टणक राहतात, कारण आंबटात कडधान्य मऊ व्हायला फार वेळ लागतो. मग तो आणखी पाणी घालतो, पळीने ढवळत बसतो, आणि बाहेरून फुटलेल्या, आतून कच्च्या डाळिंब्यांचा (सोललेल्या वालांचा) लगदा होतो.

आता तीच पाककृती लिहून काढलेली.

वालाचं बिरडं (४ जणांना, भाताबरोबर)

आधी करायचं: सुरुवात आदल्या दिवशी सकाळी. कडवे वाल भरपूर पाण्यात ८ ते १० तास भिजवा. रात्री उपसून ओल्या पंच्यात घट्ट बांधा. उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी मोड दिसतात. डिसेंबर-जानेवारीत आणखी अर्धा दिवस धरा. मोड अर्धा सेंटिमीटर झाला की पुरे. वास आंबूस वाटला तर धुऊन पुन्हा बांधा. मोड आलेले वाल कोमट पाण्यात १५ मिनिटं ठेवा. बोटांनी दाबताच डाळिंबी सालातून सुटते.

साहित्य: कडवे वाल २०० ग्रॅम (सोलून सुमारे ३५० ग्रॅम डाळिंब्या); तेल ३० मिली; मोहरी अर्धा लहान चमचा; हिंग पाव लहान चमचा; हळद अर्धा लहान चमचा; लाल तिखट १ लहान चमचा; पाणी ३५० मिली, विभागून; बारीक मीठ ६ ग्रॅम; खवलेला ओला नारळ ५० ग्रॅम आणि जिरं १ लहान चमचा, ५० मिली पाणी घालून मऊ वाटलेलं; आमसूल ३; गूळ १५ ग्रॅम; कोथिंबीर.

कृती:

१. २२ ते २४ सेंटिमीटर रुंदीच्या जाड बुडाच्या पातेल्यात तेल मध्यम आचेवर तापवा. मोहरी घाला. तडतड थांबत आली की आच मंद करून हिंग, हळद, तिखट घाला. तिखट १० सेकंदांच्या वर तेलात ठेवू नका. काळपट झालं तर फोडणी टाकून पुन्हा करा.

२. लगेच डाळिंब्या घाला. पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा, पळी घालू नका. २ मिनिटं.

३. २०० मिली पाणी घाला. खोलगट ताटली झाका आणि उरलेलं १५० मिली पाणी तिच्यावर ओता. मंद आच, १२ ते १५ मिनिटं.

४. एक डाळिंबी दोन बोटांत दाबा. सहज चेपली पण आकार टिकून राहिला तर झाली. मधे कणी लागली तर ताटलीवरचं थोडं गरम पाणी ओतून आणखी ४ मिनिटं. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५. आता मीठ, वाटण, आमसूल आणि गूळ. आमसूल आधी पडलं तर वाल शिजणार नाहीत. ताटलीवरचं उरलेलं पाणी घाला, पातेलं हलवा.

६. झाकण न ठेवता मंद आचेवर ५ मिनिटं. रस डाळिंब्यांच्या जरा खाली राहील इतका ठेवा. मुरल्यावर तो आणखी दाटतो.

७. गॅस बंद करून १५ मिनिटं झाकून ठेवा. कोथिंबीर घालून वाढा.

काही घरांत यात कांदा पडतो, काही घरांत आलं-लसूण. ते खाली ‘फेरफार’ म्हणून लिहा, कृतीच्या मधे घुसवू नका. आणि ज्यांच्याकडचं पाणी जड आहे, विशेषतः विहिरीचं किंवा बोअरचं, त्यांना चौथ्या पायरीला जास्त वेळ लागेल, ही सूचनाही द्या.

## टप्पा ७ : परक्या हाताची चाचणी

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि वही तिथेच अपुरी राहते.

पाककृती अशा माणसाला द्या ज्याच्या घरी हा पदार्थ होत नाही. वालाच्या बिरड्यासाठी शेजारच्या गुजराती भाभी किंवा वऱ्हाडातून आलेला सहकारी उत्तम. तुमची बहीण चालणार नाही, कारण कागदावर नसलेलं तिला आधीपासून माहीत आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या भांड्यांत, त्यांच्या शेगडीवर करू द्या. तुम्ही वही घेऊन बसा आणि तोंड बंद ठेवा. ते जिथे थांबतात, जिथे ओळ पुन्हा वाचतात, जिथे तुमच्याकडे बघतात, तिथे कागदावर खूण करा. त्यांचा प्रत्येक प्रश्न म्हणजे तुमची राहून गेलेली एक ओळ.

झालेला पदार्थ डब्यात भरून आजीकडे न्या. ती ‘बरं झालंय’ म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. ‘तुझ्यापेक्षा काय कमी आहे?’ असं विचारा. एका वेळी एकच सुधारणा करा. मीठ, गूळ आणि आमसूल एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

तपासा: चारजणांचं माप बाराजणांना तिप्पट करून देऊ नका. डाळिंब्या, नारळ, गूळ तिप्पट होतात. पाणी होत नाही, कारण किती वाफ उडते हे भांड्याच्या रुंदीवर आणि वेळेवर ठरतं. मोठ्या मापाला पाणी कमी घालून सुरुवात करा आणि गरम पाणी हाताशी ठेवा. मीठ आधी तीन चतुर्थांश, बाकी चाखून. मोठं माप द्यायचंच असेल तर एकदा करून बघा आणि ते आकडे वेगळे छापा.

## टप्पा ८ : वरच्या चार ओळी

पदार्थाची ओळख आता लिहा, आधी नाही. चार-सहा ओळी पुरतात. हा पदार्थ घरात कधी होतो, कशाबरोबर वाढतात, कुणाकडून आला, जमला तर दिसतो कसा. ‘लज्जतदार’, ‘चविष्ट’, ‘तोंडाला पाणी सुटेल’ हे शब्द कुठल्याही पदार्थाला लागू पडतात, म्हणून ते काढा. ‘रस पळीवरून सावकाश उतरतो, आधी गोडसर लागतो आणि मागाहून वालाचा कडवटपणा येतो’ असं लिहिलं तर करणाऱ्याला पोहोचायचं कुठे ते कळतं.

‘अस्सल सीकेपी पद्धत’ किंवा ‘खरी मालवणी पद्धत’ असं शीर्षक देऊ नका. ‘आमच्या घरची’ म्हणा. तेवढंच तुम्हाला ठाऊक आहे, आणि वाचणाऱ्याला त्याचाच उपयोग आहे.

## टप्पा ९ : नाव, परवानगी, हक्क

जिच्याकडून घेतलं तिचं नाव पानावर घाला, पण आधी विचारून. काहींना नाव नको असतं, काहींना एखादी पाककृती घराबाहेर जायला नको असते. ते मान्य करा.

छापील पुस्तकातली पाककृती उतरवून घेऊ नका. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात कल्पनेला किंवा पद्धतीला संरक्षण नाही, पण लेखकाच्या शब्दांना, मांडणीला आणि फोटोंना आहे, आणि ते लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षं टिकतं. मूळ पुस्तकावरून शिकला असाल तर स्वतः करून, मोजून, आपल्या शब्दांत लिहा आणि पुस्तकाचं नाव सांगा.

## टप्पा १० : वही बांधताना

एक पदार्थ समोरासमोरच्या दोन पानांत बसवा. ओल्या हाताने पान उलटायला लागू नये. अक्षर मोठं ठेवा, ओट्यावरून हातभर अंतरावर वाचता येईल इतकं. वही उघडी पडून राहील अशी बांधणी घ्या, स्पायरल चालते. सूची दोन द्या: एक पदार्थांच्या नावांची, दुसरी मुख्य जिन्नसाची. घरात नारळ उरला की माणूस ‘नारळ’ शोधतो.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरं फुटतात. छापखान्यात फाइल दिल्यावर एक पान छापून घ्या आणि त्यावर ‘ग्रॅम’, ‘मोहरी’, ‘वऱ्हाडी’, ‘अर्धा’ हे शब्द आणि सगळे आकडे नीट उमटलेत का ते बघा. पाककृतीत ६ ग्रॅमचे ६० ग्रॅम झाले तर मजकूर तपासणाऱ्याच्या लक्षात येत नाही, जेवणाऱ्याच्या येतं. म्हणून आकड्यांचं वाचन वेगळं करा: एकाने मूळ टिपणातून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील पानावर बोट ठेवायचं.

वही घरापुरती असेल तर एवढ्यावर भागतं. विकायची असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक घ्या. तो विनामूल्य मिळतो. शिवाय प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना पाठवण्याचं बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर आहे.

स्वयंपाकघरातली प्रत आणि मूळ प्रत वेगळ्या ठेवा. पावसाळ्यात मुंबईत कागद ओला न होताच दमट होतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. ओट्याजवळ लागणाऱ्या पानांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटांत घाला. वजनांची मूळ टिपणं कपाटात ठेवा आणि त्यांचे फोटो काढून घरातल्या दोघांकडे तरी पाठवून ठेवा. प्रत्येक पानाला बाहेरच्या बाजूने तीन बोटं समास सोडा. पुढे कुणी काही बदललं तर तिथे पेन्सिलीने बदल, तारीख आणि नाव लिहायचं. छापील आकडा खोडायचा नाही.